स्वीट चार्लीचं कोवळं पान

कतारमध्ये तू काय करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगते, स्ट्रॉबेरीचे आकडे लिहिते. समोरचा हसतो. हसू दे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते. कृषीची पदवी पेटीत ठेवून पंधरा वर्षं मी दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटल्या, मुलीला स्कूल बसमध्ये चढवलं-उतरवलं, नवऱ्याच्या शिफ्टच्या तालावर कुकर लावला. मग मुलगी मोठी झाली आणि माझ्याशी इंग्रजीत भांडायला लागली. माझ्या लक्षात आलं की आता मी घरात बसून राहिले तर आमच्यापैकी कुणीतरी एक वेडं होणार, आणि ते मी नसणार. त्यामुळे उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावातल्या एका शेतावर स्ट्रॉबेरी कळणारं माणूस हवंय असं समजलं, तेव्हा मी सरळ हो म्हणून टाकलं. माझी स्ट्रॉबेरी पुस्तकातली आणि पाचगणीच्या सहलीतली होती, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शेतावर चार ग्रीनहाऊस. तिनांत काकडी, चौथ्यात स्ट्रॉबेरी. एका टोकाला मोठे पंखे, दुसऱ्या टोकाला पाणी झिरपणारी पुठ्ठ्याची भिंत. बाहेर डिसेंबरातही दुपारी डोळे मिटावे लागतात, आत मात्र शाल घ्यावीशी वाटते. शेताचे मालक वयस्कर कतारी गृहस्थ. सगळे कामगार त्यांना अरबाब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आधीची काही वर्षं त्यांनी मिळतील ती रोपं लावली होती आणि होईल ते फळ विकलं होतं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की नीट पारख करायची. तीन वाण लावायचे, प्रत्येकाची साठ रोपं, आणि हंगामाच्या शेवटी एकच निवडून पुढच्या वर्षी सगळं ग्रीनहाऊस त्याने भरायचं.

पारख चार गोष्टींची होती. फळ किती येतं, गोड किती, खोक्यात किती दिवस टिकतं, आणि चौथी गोष्ट पानांची. स्ट्रॉबेरीची जुनी पानं अधूनमधून काढावीच लागतात. अरबाबांच्या मुलीला ती सावलीत वाळवून, छोट्या डब्यांत भरून, हिवाळी बाजारात चहा म्हणून विकायची होती. तेव्हा जुनी पानंही तोलायची, वाळवायची, उकळून चव बघायची. मला हे सगळं फार आवडलं. तीन रकान्यांची वही केली, तराजू घासून घेतला, फळाचा रस टाकून गोडी मोजायचं यंत्र मागवलं. पंधरा वर्षांनी कुणीतरी माझ्या हातात लाटण्याऐवजी यंत्र दिलं होतं. माझा रुबाब विचारू नका.

चौथ्या ग्रीनहाऊसचे मुकादम वाईकडच्या एका गावचे. पन्नाशीचे, काटक, बोलायला कमी. घरी दीड एकर स्ट्रॉबेरी. ती बायको बघत होती, आणि हे नऊ वर्षं इथे काकडी बघत होते. तीन वाणांतला स्वीट चार्ली त्यांच्या घरच्या रानातला. दुसरा कॅमारोझा, मोठं कडक फळ, खोक्यात दगडासारखं टिकणारं. तिसऱ्याचं नाव सांगत नाही, कारण तो पहिल्या महिन्यातच मागे पडला आणि आता त्याची बदनामी करून काय मिळणार.

पहिल्या दिवशी मी मुकादमांना पारख म्हणजे काय ते समजावलं. तिन्ही वाणांना पाणी सारखं, खत सारखं, हात लागायचा तोही सारखा. एकही फळ न तोलता तोंडात टाकायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, “बरं मॅडम.” पुढे दोन आठवड्यांत मॅडमची ताई झाले, आणि मी त्यांना दादा म्हणू लागले.

त्या पारखेवर त्यांचं काय अवलंबून होतं ते मला जानेवारीत कळलं. अरबाबांनी त्यांना शब्द दिला होता. स्वीट चार्ली ठरला तर तो वाण जाणणारा माणूस शेतावर एकच, म्हणून सगळं ग्रीनहाऊस दादांच्या हाती येणार. मग सहा जणांच्या खोलीऐवजी वेगळी खोली, तिला छोटंसं स्वयंपाकघर, आणि पुढच्या हिवाळ्यात दोन महिने बायकोला इथे आणायची परवानगी. अरबाब कागदपत्रं स्वतः करणार होते. कॅमारोझा ठरला तर रोपं पुरवणारे आपला माणूस सोबत पाठवणार, आणि दादा परत काकडीत. हे त्यांनी मला आपण होऊन सांगितलं नाही. मीच एकदा विचारलं की एवढं काय मोबाइलवर बघता, तर खोलीचा फोटो दाखवला. रिकामी खोली, एक खिडकी. तो फोटो त्यांनी बायकोला पाठवला होता आणि तिने विचारलं होतं की खिडकीतनं रोपं दिसतात का.

आता डब्याचं सांगते. आमच्या सासूबाई सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. मूळच्या नाशिकच्या, जीभ तिखट, हात त्याहून तिखट. वाईकडचा एक माणूस घरच्यांपासून लांब राहतो आणि स्वतः रांधून खातो हे ऐकल्यावर त्यांना राहवेना. गुरुवारी सकाळी त्यांनी ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी जरा कुरकुरले. कामाच्या जागी असली नाती नकोत, असं काहीतरी शहाणपण मी बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या गुरुवारी भरलेला डबा गेला आणि आधीचा परत आला, त्यात फडक्यात बांधलेली मूठभर साखर.

सासूबाई खूश झाल्या. डबा रिकामा परत न देणारं माणूस घरंदाज, हा त्यांचा हिशेब पक्का. पण पुढच्या वेळी परत साखर कशी देणार? शेतावर दुसरं होतं काय? काकडी अरबाबांची, स्ट्रॉबेरी तर माझी, मोजलेली. तेव्हा तिसऱ्या गुरुवारी डब्यातून आली पानं. स्वच्छ धुतलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

त्याचंही कारण मीच होते. वाळवलेल्या पानांच्या चहाची चव कुणी सांगायची हा प्रश्न होता. अरबाबांची मुलगी म्हणायची तिन्ही छान आहेत, नवरा म्हणायचा तिन्ही सारखेच वाईट आहेत. मग मी तिन्ही वाणांच्या पुड्या सासूबाईंपुढे ठेवल्या. पहिल्या दिवशी त्यांनी दूध घातलं आणि ते फाटलं, त्याचा दोष आठवडाभर माझ्यावर होता. दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यात, आलं किसून. मग निकाल आला. एक म्हणजे भिजवलेला कडबा, कॅमारोझा तुरट, आणि स्वीट चार्ली, “हा पिण्यासारखा आहे गं.” मी वहीत तो निकाल चव घेणाऱ्यांचं मत म्हणून गंभीरपणे लिहिला, आणि दादांनाही सांगितला. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरच्या मुलीला बक्षीस मिळालं. तेव्हापासून डब्यात स्वीट चार्ली यायला लागला. ताजं पान वाळवलेल्यापेक्षा सरस, असं सासूबाईंचं मत पडलं. संध्याकाळचा दुधाचा चहा त्यांनी सोडला, आणि बिन महमूद भागात भजनाला जमणाऱ्या बायकांना त्या हा चहा पाजायला लागल्या. डबा नेहमी त्याच उघडायच्या. मी कधी आत डोकावले नाही. गाडीच्या मागच्या सीटवर दर गुरुवारी तो डबा माझ्यासोबत घरी यायचा आणि मी पुढे बसून पुढच्या आठवड्याच्या आकड्यांचा विचार करायचे.

जानेवारीच्या शेवटापर्यंत स्वीट चार्ली कॅमारोझाच्या बरोबरीने चालला होता. गोडीत तर पुढेच. टिकण्यात मागे, पण ते अपेक्षितच होतं. फेब्रुवारीत त्याचा आकडा घसरायला लागला. फळ लहान, मग मोजकं, मग गोडीही उतरली. मी ठिबकची प्रत्येक नळी तपासली. पानं उलटी करकरून लाल कोळी ही कीड शोधली. पंख्याजवळच्या ओळी भिंतीजवळ गेल्या असत्या तर काय झालं असतं याचं गणित मांडलं. काही सापडेना. दादा माझ्या मागे-मागे उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. शेवटी मी लिहिलं की हा वाण इथल्या हवेत लवकर दमतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अहवाल जवळजवळ तयार होता, आणि त्यात कॅमारोझा जिंकला होता. दादांना ते सांगायचं कसं, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या गुरुवारी सासूबाई भजनाला गेल्या होत्या. डबा मी उघडला. फडकं सोडलं आणि बघतच राहिले. पानं कोवळी होती. जुनी, काठ तांबूस झालेली, काढून टाकायची पानं नव्हेत. पोपटी, नुकती उलगडलेली, अजून घडी न मोडलेली. मी ओट्यावर पसरून मोजली. साठच्या आसपास भरली.

स्ट्रॉबेरीचं रोप साधारण आठवड्याभरात एक नवं पान काढतं. साठ रोपं, आठवड्याला साठ पानं. म्हणजे रोप जे नवं काढत होतं ते जवळपास सगळं आमच्या ओट्यावर येत होतं. फळ काय हवेतून येणार होतं? वाण दमला नव्हता. तो आम्ही पिऊन टाकला होता.

मी फार चांगल्या स्वभावाची बाई नाही. रागाचा पहिला वाटा सासूबाईंना मिळाला. त्या बिचाऱ्या भजनाहून आल्या, चप्पल काढायच्या आत मी सुरू झाले. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं की मग त्या माणसाचं आता काय होणार. त्या रात्रीचं जेवण कुणालाच गोड लागलं नाही.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी सकाळी दुसरा वाटा दादांना. ग्रीनहाऊसच्या दारातच मी त्यांना गाठलं. नव्या पानाशिवाय फळ पोसलं जात नाही, पहिल्या दिवशी सारखा हात म्हणजे काय ते मी सांगितलं होतं, सगळ्या हंगामाचं मातेरं झालं, असं मी बोलत गेले. शाळेत मुलांना शिकवावं तसं मी त्या माणसाला स्ट्रॉबेरीचं झाड शिकवलं. ते कात्री हातात घेऊन उभे होते. माझं संपल्यावर म्हणाले की चूक माझी आहे, तुमचं नाव यात येऊ देत नाही, अरबाबांना मीच सांगतो. आणि खरंच चालायला लागले. मला पळत जाऊन त्यांना थांबवावं लागलं.

अरबाबांकडे मी एकटी गेले. सोपं होतं तसं. अहवाल होता तसा द्यायचा, कुणाला काही कळलं नसतं. नाहीतर घसरलेल्या आकड्यांच्या जागी अंदाजाने चांगले आकडे लिहायचे. तेही कुणाला कळलं नसतं, आणि दादांची खोली पक्की झाली असती. खोटं नाही बोलत, गाडीत बसून मी तसे आकडे कागदाच्या मागे लिहूनही पाहिले होते. छान दिसत होते. पण मी ते फाडले. त्या वहीत मला खोटं लिहायचं नव्हतं.

मी अरबाबांना सगळं सांगितलं. भाकरी, वांगी, डबा, पानं. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हे इंग्रजी आणि हिंदीच्या खिचडीत समजावताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी कॉफीचा छोटा कप खाली ठेवला आणि विचारलं की तुमच्या सासूला तो चहा खरंच आवडला का. मी हो म्हटलं. ते थोडे हसले. मग गंभीर झाले. आमच्याकडेही भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणाले. पण ‘असं झालं असतं’ म्हणणाऱ्या आकड्यांवर ग्रीनहाऊस भरता येत नाही. रोपांची मागणी याच आठवड्यात द्यायला हवी. त्यांनी कॅमारोझा ठरवला. एक ओळ स्वीट चार्लीची ठेवायची, ती पुन्हा पारखायची, आणि ती दादांनी बघायची. खोलीचं पुढच्या वर्षी बघू. “इन्शाल्ला,” असं म्हणून त्यांनी माझा हंगामभराचा कागद बाजूला ठेवला. माझी नोकरी राहिली. त्याचा आनंद मला त्या दिवशी झाला नाही.

दादांना हा निकाल सांगायला मी परत ग्रीनहाऊसमध्ये गेले. ते खाली बसून जुनी पानं काढत होते, तिन्ही वाणांची, सारख्या हाताने. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. एक ओळ राहिली ना, मग बास, म्हणाले. मी पण त्यांच्या शेजारी बसले आणि पानं काढायला लागले. आणि मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं की सकाळी मी कुणाला काय शिकवलं. हा माणूस इथे येईपर्यंत जन्मभर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकलेला. माझं ज्ञान पाचगणीच्या सहलीतलं.

“दादा,” मी विचारलं, “कोवळं पान काढलं की फळ घटतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हाईत हुतं की.”

“मग?”

त्यांनी हातातली पानं टोपलीत टाकली. जुनी पानं तर तोलायची, ती डब्यात कशी घालनार; सुरुवातीला वाटलं हुतं दोन-चार कोवळ्या पानांनी काय हुतंय, म्हणाले. मग आकडा उतराय लागला तेव्हा कळलं. पण तोवर म्हातारीला त्या चहाची गोडी लागली होती. तुम्हीच सांगत होता, ताई, की त्या दर गुरुवारी दाराशी येऊन उभ्या राहतात.

“पण मग कॅमारोझाची पानं घालायची,” मी म्हटलं. “म्हणजे थोडं इकडून, थोडं तिकडून तरी.”

“कॅमारोझाची तोडली असती तर माझा वाण जिकला असता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला हे कसं समजत नाही अशा नजरेनं. “ती लबाडी झाली असती, ताई. आपल्याच वाणाची तोडायची.”

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, अहो, पण तुमची मंडळी यायची होती. खोली, खिडकी, सगळं ठरलं होतं. दर आठवड्याला डबा भरताना तुम्हाला त्यांचं काहीच वाटलं नाही?

“तिलाच इचारलं हुतं म्या,” दादा म्हणाले. “फोनवर. आकडा उतराय लागला तवा. म्हनली, ज्या घरातनं भाकरी येती त्या घरला रिकामा डबा धाडू नगा. माझं येनं हुईल तवा हुईल.”

ते परत पानं काढायला लागले. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण मला रडू आलं होतं, आणि सकाळी एवढं ओरडलेल्या बाईने दुपारी तिथेच रडावं हे बरं दिसलं नसतं. फळ कशाने घटलं ते त्या बाईला दीड एकरावर उभं राहून, माझ्या आधी महिनाभर, कळलं होतं. दर गुरुवारी नवऱ्याजवळ राहायच्या आपल्या दोन महिन्यांतला एकेक दिवस ती आमच्या ओट्यावर पाठवत होती, आणि तिने माझ्या सासूला कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्याला आता दोन वर्षं झाली. मी तिला अजून पाहिलेलं नाही.